अठ्ठावीस दिवसांचं पाणी

शहाद्याच्या अंगाला, तापीच्या काठाकाठानं केळी नि उसाची जी गावं आहेत, त्यातल्या पाच-सहा गावांत गेली बत्तीस वर्षं एक गोष्ट ठरून गेलेली होती. कुणाच्याही घराचा स्लॅब पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईला बोलावणं जायचं. गवंडी कुणीही असो, मालक कुणीही असो, पाणी मारायला छबूबाईच. पुढे कधी घर विकायची वेळ आली, तर मालक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचा, "छबूबाईनी पाणी मारेल शे." मग गिऱ्हाईक एकदा छताकडे बघायचं आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

ज्यांनी कधी घर बांधलेलं नाही, त्यांना वाटतं की सिमेंट वाळून कडक होतं. तसं नसतं. सिमेंट पाणी पिऊन कडक होतं. स्लॅब टाकला आणि उन्हात सोडून दिला, तर तो वरून दगडासारखा दिसतो आणि आतून भाकरीच्या तुकड्यासारखा कोरडा, भुसभुशीत राहतो. म्हणून त्याला दिवसच्या दिवस ओला ठेवावा लागतो. कष्टाचं, कंटाळवाणं आणि कुणाच्या डोळ्यांत न भरणारं काम. अशी कामं बायकांच्या वाट्याला येतात, तसं हेही आलं.

छबूबाई मूळची रनाळ्याची. लग्न होऊन इकडे आली ती धुडकू मिस्त्रीच्या घरात. धुडकूनं तिला लग्नानंतर पंधरा दिवसांत कामावर नेलं आणि स्लॅबवर उभं करून हातात पाइप दिला. "मी घर उभं करस, तू त्याले पाणी पाज," तो म्हणाला होता. "तुन्हं काम चुकनं ते मन्हं बी गयं." धुडकू जाऊन आता दहा वर्षं झाली. खोकल्यानं गेला, आयुष्यभर सिमेंटची धूळ नाकातोंडात घेऊन. छबूबाईचं काम मात्र चुकलं नाही.

तिची रीत शेतातल्या बाईची होती. स्लॅबवर चिखलाचे बांध घालून ती क्यारे पाडायची, गव्हाला पाडतात तसे, आणि एकेका क्याऱ्यात बोटभर पाणी तुंबवून ठेवायची. कडेच्या तुळयांना ओलं बारदान गुंडाळायची. दुपारी उन्हात चढून तळहात टेकवून बघायची. कुठं रंग पांढुरका पडलेला दिसला, की तिचं डोकं फिरायचं. दिवस मोजायला तिला कॅलेंडर लागत नसे. तापीतून आणलेले गोल गोटे तिच्या पिशवीत असायचे. रोज सकाळचं पाणी झालं, की जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक गोटा. ओळीकडे बघितलं की स्लॅबचं वय कळायचं.

एप्रिलच्या उन्हात ती दुसऱ्यांच्या स्लॅबला टाक्याच्या टाक्या पाणी पाजायची आणि संध्याकाळी स्वतःच्या घरासाठी हातपंपावर हंडा घेऊन रांगेत उभी राहायची. एकदा एका मालकाच्या पाइपातून तिनं जाता जाता कळशी भरून घेतली, तर मालकीण म्हणाली, "बाई, ते पाणी स्लॅबनं शे." छबूबाई हा किस्सा हसून सांगायची. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नसे.

तर अशी ही छबूबाई. आणि तिचं नाव ज्या घरात बुडालं, ते घर हेमराजभाईंचं.

हेमराजभाई गुजर, गावातले मोठे बागायतदार. केळी, ऊस, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचे जुने सभासद. आई जसोदाबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनी जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला काढलं. आईला नव्या घरात न्यायची त्यांची फार इच्छा. ती काही पुरी झाली नाही. पाया भरत होता तेवढ्यात जसोदाबाई गेल्या. जाताना लेकाचा हात धरून म्हणाल्या, "मन्ही पहिली घागर नवा घरमा भरजो."

खान्देशात वर्षाभरात ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं, त्या घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची पहिली घागर भरतात. मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोऱ्या. भाऊबंद जमतात, पितरांना घास जातो. ही घागर चुकवलेली कुणाला चालत नाही. हेमराजभाईंना तर नाहीच. आईवर जीव होता त्यांचा, हे कबूल केलं पाहिजे.

या घराच्या सिमेंटमध्ये राख मिसळली होती, ती कशी आली ते आता सांगतो. हेमराजभाईंची मुलगी रोहिणी पुण्याला बांधकामाची इंजिनिअर. हुशार, कामाला वाघीण, आणि डोक्यात एकच विषय. सिमेंट कमी कसं वापरायचं. गावी आली की ओट्यावर बसून ज्याला त्याला सांगायची, की एक गोणी सिमेंट तयार होताना जवळजवळ गोणीभराच्याच वजनाचा धूर आकाशात जातो. इकडे उन्हाळा दरवर्षी वाढतोय, केळीची पानं करपतायत, आणि आपण गोण्यावर गोण्या रिचवतोय. उसाच्या चिपाडाची राख कारखान्याजवळ हवी तेवढी पडलेली असते. ती बारीक दळून चाळली, तर पाच गोण्या सिमेंटमधली एक वाचवता येते. पहिला प्रयोग ती आपल्याच घरावर करणार होती.

हेमराजभाई उखडले. "राख? राख चुल्हामा ऱ्हास, नही ते मसानमा. राखनं घर बांधू का मी?"

पण एकुलती एक मुलगी. पंधरा दिवस ती बापाशी जेवणापुरतंच बोलली, आणि बाप नरमला. रोहिणीनं गावातली बंद पडलेली पिठाची गिरणी उघडायला लावली, त्यात राख दळून घेतली, तीनदा चाळली. गावानं चेष्टेचा एकही मोका सोडला नाही. गिरणीवरून जाताना लोक विचारायचे, भाकरी कधी थापायच्या?

त्या अख्ख्या गावात रोहिणीचं म्हणणं नीट समजलेलं माणूस एकच होतं, छबूबाई.

"छबूमाय," रोहिणीनं तिला समोर बसवून सांगितलं, "ही राख शे ना, ती हळूहळू काम करस. सिमेंट सात दिवसमा जे करस, ते कराले राखले महिना लागस. पण एकदा का पकडं, मंग सोडत नही."

"म्हंजे मन्हासारखी," छबूबाई म्हणाली.

"तुन्हासारखीच. पण तिले पाणी जास्त दिवस पाहिजे. अठ्ठावीस दिवस. आनि तोलोंग खालना टेकूले कोणी हात लावाना नही."

"पाणीनं मी पाहस. टेकूनं तू पाह्य," छबूबाई म्हणाली.

बत्तीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी हे काम का करायचं ते समजावून सांगितलं होतं. इंजिनिअर लोक तिच्या डोक्यावरून गवंड्याशी बोलत असत. ही मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिला विचारत होती, तुमच्या पद्धतीत चूक कुठं होते, जास्त ऊन कुठल्या कोपऱ्याला लागतं. छबूबाई त्या दिवशी घरी गेली ती सुनेला, मयूरीला, दोनदोनदा तेच सांगत राहिली.

स्लॅब फाल्गुनात पडायचा होता. पण केळीची कापणी आली, हेमराजभाईंचे दोन्ही ट्रॅक्टर मालात अडकले, वाळू वेळेवर येईना. शेवटी स्लॅब पडला तेव्हा आखाजीला पंधराच दिवस उरले होते. पंधरा आणि अठ्ठावीस यांचा मेळ बसत नाही, हे हेमराजभाईंना कळत नव्हतं असं नाही. केळीच्या घडांचा हिशेब ज्याला तोंडपाठ, त्याला एवढं कळणारच. पण त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि हा विषय कुणीच काढला नाही. रोहिणीनंही नाही. तिला वाटलं, पप्पांच्या लक्षात आहे. पप्पांना वाटलं, मुलगी बघेल काहीतरी. दोन दिवसांनी सुट्टी संपली आणि ती पुण्याला गेली. जाण्याआधी वर चढून तिनं छबूबाईचा एक फोटो काढला. भरलेले क्यारे, हातात पाइप, डोक्यावर पदर. "छबूमाय, हाई फोटो मी सगळासले दाखाडसु," ती म्हणाली. छबूबाईनं पदर नीट करून पुन्हा एक काढायला लावला.

मग छबूबाई आणि तो स्लॅब. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. पायरीवर गोट्यांची ओळ वाढत चालली. राखेचा स्लॅब रंगानं जरा काळपट, पाणी जरा जास्त मागणारा. सातव्या-आठव्या दिवशी ती तळहात टेकवून बघायची तर अजून तो कच्चा वाटायचा. बाराव्या दिवशी जरा धरल्यासारखा. छबूबाई त्याच्याशी बोलायची, धुडकूशी बोलायची तशी. लवकर नको करू, सावकाश होऊ दे.

चौदाव्या दिवशी, आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी, तिनं चौदावा गोटा ठेवला आणि खाली पाहिलं, तर अमृत मिस्त्री आपली माणसं घेऊन आला होता. अमृत म्हणजे या घराचा ठेकेदार. त्याच्या लोखंडी प्लेटा आणि टेकूच्या बल्ल्या दुसऱ्या कामावर हव्या होत्या. आणि हेमराजभाईंना हॉल मोकळा हवा होता. सुरतेहून पाहुणे निघाले होते. घागर हॉलच्या मधोमध मांडायची होती.

छबूबाई जिना उतरून हेमराजभाईंसमोर गेली. "भाई, अजून चौदा दिवस बाकी शेत. पोरीनी अठ्ठावीस सांगेल शेत."

"बारावा दिवस म्हंजे पुरा," अमृतच मधे बोलला. "वीस वरीस झायात, मी बाराव्या दिवशीच टेकू काढी ऱ्हायनू. आजलोंग एक बी स्लॅब पडना नही."

"त्यासमा राख नव्हती, अमृत."

हेमराजभाई म्हणाले, "मंग मन्ही मायनी घागर काय बल्ल्यासमा भरू?"

"भरा ना, भाई. जसोदामायले काय बल्लीनी ठेच लागी का?"

हे बोलायला नको होतं. खरं होतं, पण बोलायला नको होतं. हेमराजभाईंचा चेहरा पडला आणि मग कडक झाला. आईच्या नावानं एका पाणी मारणाऱ्या बाईनं आपल्याला शहाणपण शिकवावं, तेही अमृतच्या माणसांदेखत.

"छबूबाई," ते म्हणाले, "तुन्हं काम पाणी मारानं शे. घर मन्हं शे."

छबूबाई घरी गेली आणि मयूरीच्या फोनवरून पुण्याला फोन लावायला लावला. रोहिणीनं सगळं ऐकून घेतलं. "मी पप्पासंगे बोलस. तू चिंता नको करू." तासाभरानं तिचाच फोन आला. आवाज जरा खाली गेलेला. "छबूमाय, मधला चार टेकू ऱ्हाऊ दिसूत, असं पप्पानी कबूल कयं शे. पाव्हना येनार शेत, आजीनी घागर शे... मी जास्त नही बोलू शकनू."

चार टेकू राहिले, तेही दुपारपर्यंत. घागर मांडायला जागेची आखणी झाली, तेव्हा ते चार बरोबर मधे आले. मग तेही गेले. आणि वर छबूबाईच्या क्याऱ्यांतलं पाणी बांध फोडून सोडून देण्यात आलं, कारण आणखी एक कल्पना निघाली होती. एवढ्या उन्हाळ्यात गावातली सगळ्यात गार जागा कुठली? चौदा दिवस पाणी पिऊन बसलेला स्लॅब. आखाजीच्या संध्याकाळी पुरणपोळीच्या पंगती तिथंच बसवायच्या.

झाल्या पंगती. पन्नास-साठ माणसं त्या कच्च्या स्लॅबवर बसली, उठली, वाढपी धावले. सुरतेचे पाहुणे म्हणाले, वा, काय गारवा आहे. खाली हॉलमध्ये जसोदाबाईंची घागर भरून ठेवलेली होती, वर डांगर, शेजारी दिवा. छबूबाई त्या दिवशी स्वतःच्या घरी धुडकूची दरवर्षीची घागर भरत होती. मयूरीनं सांजोऱ्या केल्या होत्या. छबूबाईनं आपलं ताट लवकरच सरकवलं.

सोळाव्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पण अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. खरकटं झाडलं, बांध नव्यानं घातले, क्यारे भरले, चुकलेल्या पंधराव्या दिवसाचा गोटा ठेवू की नको याचा विचार करत खाली आली, तर हॉलमध्ये हेमराजभाई वर बघत उभे होते. छताच्या मधोमध एक बारीक रेघ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्या रेघेतून थेंब पडत होते. बरोबर घागर ठेवली होती तिथं. नीट पाहिलं तर छताला मधे पोट सुटलेलं दिसत होतं.

"काय कयं तू हाई?" हेमराजभाई म्हणाले.

"मी काय कयं, भाई?"

"इतलं पाणी वतं, का स्लॅब बसी गया. कोणी सांगं व्हतं तुले इतलं पाणी वताले?"

छबूबाईला वाटलं, ते दुःखात बोलतायत. उद्या शांत झाले की कळेल. पण हेमराजभाई शांत झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाले. अमृतनं तर एकाच वेळी दोन गोष्टी सांगायला सुरुवात केली. हेमराजभाईंसमोर म्हणायचा, बाईनं पाणी जास्त टाकलं. दुसऱ्या गावात म्हणायचा, बाईनं पाण्यात हयगय केली, वय झालं आता तिचं. टेकू आपण काढले, हे तो कुठंच म्हणाला नाही. आणि गावाला राखेची गोष्ट तर आयतीच सापडली होती. राखेचं घर टिकतं का कुठं, म्हणून म्हातारे माना हलवत राहिले.

नंदुरबारहून एक जाणकार बोलावला. त्यानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, पडणार नाही, मधे एक खांब घ्या, काम भागेल. पण हॉलच्या मधे खांब? सुरतेच्या पाहुण्यांना काय सांगायचं? हेमराजभाईंनी स्लॅब फोडायचं ठरवलं.

जूनच्या शेवटी फोडणारे आले. धडगावकडचा वीरसिंग आणि त्याचे तिघं भाऊबंद, मशीन घेऊन. एका दिवसाचं काम म्हणून आले होते, तीन दिवस लागले. छबूबाई नाल्याकडच्या लिंबाखाली उभी राहून बघत होती. दोन महिने झाले होते आता त्या स्लॅबला. राखेनं आपलं काम पुरं केलं होतं, जरा उशिरा, पण पुरं. तिसऱ्या दिवशी दुपारी वीरसिंग घाम पुसत सावलीला आला.

"हाऊ स्लॅब शे का खडक शे? मशीन उडी ऱ्हायनं," तो म्हणाला. "आठे पाणी कोणी मारं व्हतं?"

"मी मारं," छबूबाई म्हणाली. "चौदा दिवस."

वीरसिंगनं तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बस. तिच्या कामाला त्या वर्षात मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि ती देणारा माणूस तो स्लॅब फोडायला आलेला होता.

फोडलेल्या स्लॅबचा सगळा राबिट ट्रॅक्टरनं नाल्यात नेऊन टाकला. मग त्याच जागी नवा स्लॅब पडला, नुसत्या सिमेंटचा. वर हेमराजभाईंच्या जिवाला धाकधूक नको म्हणून सहा गोण्या जास्तीच्या. पाच गोण्यांतली एक वाचवायला निघालेल्या घरानं दुप्पट-अडीचपट सिमेंट खाल्लं. आकाशात गेला तो धूर गेला, नाल्यात पडलं ते पडलं. नव्या स्लॅबला पाणी मारायला अमृतनं कारंज्याची नळी बसवली. ती सात दिवस चालली. टेकू बाराव्या दिवशी काढले, आणि तो स्लॅब टिकला. टिकल्यामुळे अमृतचं म्हणणं खरं ठरलं.

छबूबाईला बोलावणं येईनासं झालं. आधी वाटलं, पावसाळा आहे, बांधकामं थांबलीत. दिवाळीनंतर शेजारच्या गावात दोन स्लॅब पडले, आणि तिला ते दुसऱ्याच बाईच्या तोंडून कळलं. ती कापूस वेचायला जायला लागली. पन्नाशी उलटल्यावर कापसाच्या बोंडांनी बोटं रक्ताळली. तिला एक आशा मात्र होती, आणि ती रोहिणीची होती. पोरीला सगळं माहीत आहे. फोनवर मीच सांगितलं होतं. ती एक दिवस सांगेल सगळ्यांना.

रोहिणीनं सांगितलं. जानेवारीत मयूरी फोन घेऊन सासूकडे आली. "आत्याबाई, हाई तुमना फोटो शे."

कुठल्याशा मोठ्या सभागृहात रोहिणी भाषण करत होती. मागे पडद्यावर छबूबाई. भरलेले क्यारे, हातात पाइप, नीट केलेला पदर. छबूबाईला क्षणभर भरून आलं. मग रोहिणीचा आवाज आला, शाळेतल्या मराठीत, सावकाश आणि स्पष्ट. "आमच्या पहिल्या प्रयोगात मिश्रणात काहीही दोष नव्हता. पण ग्रामीण भागात अकुशल मजुरांकडून पाणी मारण्याचं काम पुरेसं होत नाही. त्यामुळे तो स्लॅब वाकला. यापुढे मजुरांच्या प्रशिक्षणावर आपण भर दिला पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अकुशल म्हंजे काय?" छबूबाईनं विचारलं.

मयूरी फोनकडे बघत म्हणाली, "ज्याले काम येत नही, तो."

छबूबाईनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा लावायला सांगितला, तेव्हा मयूरीनं फोन बंद करून टाकला.

मार्चमध्ये रोहिणी स्वतः आली. थेट छबूबाईच्या घरी, हातात मिठाईचा पुडा. तापीपलीकडच्या एका गावात अंगणवाडीची इमारत बांधायची होती, राख वापरून. सगळ्या परवानग्या मिळाल्या होत्या. "पाणी माराले तूच पाहिजे, छबूमाय. दुसरा कोनावर मन्हा भरोसा नही."

छबूबाईनं तिला गोधडी टाकून बसायला दिलं. चहा ठेवायला मयूरीला सांगितलं. मग समोर बसली.

"तुन्हं भाषण ऐकं मी," ती म्हणाली.

रोहिणीचा चेहरा उतरला. एरवी खोटं बोलणारी मुलगी नव्हती ती, हेच तर दुखणं होतं.

"चौदा दिवस पाणी मी मारं," छबूबाई म्हणाली. "चौदाव्या दिवशी टेकू कोणी काढात, ते तुले माहीत शे ना?"

"माहीत शे."

"मंग?"

"भर सभामा पप्पासनं नाव कसं लेऊ, छबूमाय? राखमा दोष शे असं सांगतू, ते सगळं कामच बंद पडतं. काहीतरी कारण सांगनं पडस ना."

"बरोबर शे. बापनं नाव लेवाले जीभ उचलत नही, समजस मी." छबूबाईचा आवाज चढला नव्हता. "पण मन्हं तरी नाव लेती, माय. अकुशल मजूर म्हने तू. नावनी बी किंमत नही ऱ्हायनी का मन्ही?"

रोहिणी रडायला लागली. छबूबाईला तिची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. चहा आला. दोघींनी तो प्यायला.

"अंगणवाडीना टेकू कवय काढाना, ते कोण ठरावनार?" छबूबाईनं विचारलं.

"ठेकेदार," रोहिणी म्हणाली. आणि मग, विचारलं नव्हतं तरी, "अमृत मिस्त्री."

"मंग पाणी बी त्यालेच मारू दे."

रोहिणी उठली. दारात तिची नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीकडे गेली. घागरीखाली एक काळपट, ओबडधोबड तुकडा होता, परातीएवढा, एका अंगानं सळईचं टोक बाहेर आलेलं. नाल्यातून छबूबाईनं आणि मयूरीनं मिळून तो उचलून आणला होता. रोहिणी वाकली. हातातल्या किल्लीनं तिनं तो खरवडून बघितला. ओरखडा उठेना. पुन्हा जोर लावला. किल्लीचंच पितळ त्याच्यावर घासून राहिलं.

"हाऊ आपला स्लॅबना शे," ती म्हणाली. "छबूमाय, हाऊ माले देशी का? पुण्याले तपासी लेसु. किती मजबूत शे, ते कागदवर ई जाई."

छबूबाईनं तिच्याकडे बघितलं. दहा महिने ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती दारात उभी राहून हात पुढे करत होती.

"तपासीसन कोणले सांगशी?" तिनं विचारलं. "तुन्हा बापले?"

रोहिणीनं पुढे केलेला हात मागे घेतला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. ती किल्ली मुठीत धरून उभी राहिली, आणि मग चपला घालून निघून गेली. मिठाईचा पुडा गोधडीवर तसाच राहिला.

मयूरी घागर सरकवून खालची ओल पुसायला लागली. "आत्याबाई, हाऊ दगड सदा वलाच ऱ्हास. बाहेर काढी टाकूत का?"

"ऱ्हाऊ दे," छबूबाई म्हणाली. तिनं कोपऱ्यातला हंडा उचलला, घागर काठोकाठ भरली, आणि उरलेलं पाणी त्या तुकड्यावर ओतून हातपंपाकडे निघाली.